पाइकीचे अभंग आणि बिगुलाचा पंचम : एका स्मरण-भजनाच्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२४

येत्या २६ जुलैला कारगिलच्या विजयाला पंचवीस वर्षे पूर्ण होतील. त्या संध्याकाळी, आपल्या गावातून सैन्यात गेलेल्या आणि परत न आलेल्या सर्व जवानांच्या स्मरणार्थ भजन करावे, असे आज आमच्या भजनी मंडळाच्या बैठकीत ठरले. निमित्त कारगिलचे असले, तरी स्मरण केवळ त्या एका युद्धापुरते नसावे, असा आग्रह बुवांनी धरला आणि तो सर्वांना पटला. सातारा जिल्ह्यातील गावांमधून पहिल्या महायुद्धापासून आजतागायत माणसे पलटणीत जात आली आहेत. ज्यांच्या नावाची पाटी आहे त्यांच्याइतकाच ज्यांची पाटी नाही त्यांचाही या संध्याकाळवर हक्क आहे.

अशा दिवशी गावात एरवी काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. ध्वनिक्षेपकावर चित्रपटगीते वाजतात, भाषणे होतात, वीरमातांना व्यासपीठावर बसवून शाल आणि श्रीफळ दिले जाते, आणि त्या माउल्या तासभर सर्वांच्या नजरेखाली अवघडून बसतात. त्या सत्कारामागील भावना खरी असते, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्यांच्या घरातील माणूस गेला, त्यांना त्या तासातून काय मिळते, हा प्रश्न आम्ही आज प्रथमच एकत्र बसून विचारला. त्या घरांतील माणसे येताना होती त्याहून थोड्या अधिक धीराने घरी परतावीत, एवढाच या कार्यक्रमाचा हेतू राहील, असे बैठकीत ठरले. मी मंडळात पेटी वाजवतो आणि शाळेत शिकवतो, म्हणून नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

१९ मे २०२४

नावांची यादी करण्यास आज सुरुवात झाली. स्वातंत्र्यानंतरची नावे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदींवरून आणि घरोघरच्या कागदपत्रांवरून पडताळता येतात. त्यामुळे तो भाग सरळ आहे. कठीण आहे तो पहिल्या महायुद्धाचा भाग. त्या काळी मराठा पलटणी मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. ११० क्रमांकाची मराठा पलटण तेथील कूट शहराच्या वेढ्यात अडकली, २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली आणि त्यानंतर कैदेतही पुष्कळ माणसे दगावली. त्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्यांची कबर किंवा दहनस्थान ज्ञात नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. तथापि त्या भिंतीवर भारतीयांपैकी केवळ अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची नोंद पलटणीच्या नावाखाली केवळ संख्येने झाली.

हे वाचल्यापासून माझे मन त्याच ठिकाणी अडकून राहिले आहे. ज्या प्रदेशात नामस्मरण हीच साधना मानली जाते, तेथून गेलेल्या माणसाचे नावच परमुलखातील दगडावर येऊ नये, ही गोष्ट शंभर वर्षांनंतरही सलते. सुदैवाने युद्धातील मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संगणकीय नोंदींमध्ये आता पुष्कळ शिपायांची नावे वडिलांचे नाव आणि गाव यांसह सापडतात. त्या नोंदी रोमन लिपीत असून त्यांतील स्पेलिंग गोऱ्या लेखनिकाच्या कानावर अवलंबून होते. त्यामुळे प्रत्येक नाव गावातील जुन्या माणसांसमोर मोठ्याने उच्चारून पडताळावे लागत आहे.

एका घरात देवघराशेजारी त्या युद्धानंतर वारसांना मिळालेली ब्राँझची गोल चकती आज पाहावयास मिळाली. तिचा व्यास सुमारे बारा सेंटिमीटर असून तिच्यावर मृताचे केवळ नाव आहे, हुद्दा नाही. मरणात सर्व समान, या विचाराने ती तशी घडवण्यात आली होती. त्या घरातील आजींनी चकती पदराने पुसून माझ्या हातात दिली. त्या म्हणाल्या, “गुरुजी, दसऱ्याला आम्ही हिची पूजा करतो, पण हिच्यावर काय लिहिलंय ते आजवर कुणी वाचून दाखवलं नव्हतं.” मी ते वाचून दाखवले.

२६ मे २०२४

आज आम्ही काही जण अपशिंगे मिलिटरी येथे जाऊन आलो. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला तो त्याच परंपरेमुळे, आणि आजही तेथे घराघरांतून माणसे सैन्यात जातात. येताना पोगरवाडीचा विषय निघाला. तेथील कर्नल संतोष महाडिक यांना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात वीरमरण आले, आणि पुढे त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः प्रशिक्षण घेऊन सैन्यात अधिकारी झाल्या. गाडीतील चर्चेतून मला एवढे जाणवले की या भागातील घरांना शौर्याच्या गोष्टी सांगण्याची गरज नाही. त्या गोष्टी त्या घरांनीच घडवल्या आहेत. त्यांना हवे आहे ते वेगळेच काही.

२ जून २०२४

कोणती गीते घ्यावीत, यावर आज मोठी चर्चा झाली. तरुण सभासदांची इच्छा होती की १९६२च्या चीन युद्धातील सैनिकांसाठी कवी प्रदीप यांनी लिहिलेले आणि लता मंगेशकर यांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत गायलेले ‘ऐ मेरे वतन के लोगों’ अवश्य घ्यावे. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र हे आपल्या पुणतांब्याचे, याची आठवणही कोणीतरी करून दिली. गीताच्या थोरवीविषयी वाद नव्हताच. बुवांचे म्हणणे इतकेच होते की ते गीत श्रोत्यांना उद्देशून आहे. जे मागे राहिले त्यांनी गेलेल्यांना विसरू नये, असे ते सांगते. जी आई एक क्षणही विसरलेली नाही, तिला ही विनंती पुन्हा कशासाठी ऐकवायची?

याच संदर्भात मी बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्याचा दाखला दिला. प्रजासत्ताक दिनाच्या उत्सवाची सांगता २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होते, आणि तेथे अनेक दशके सैन्याचे बँड ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती प्रार्थनागीत वाजवीत असत. महात्मा गांधींना ते प्रिय होते. २०२२पासून ते सोहळ्यातून वगळण्यात आले आणि त्याऐवजी प्रदीप यांचे गीत आले. या बदलाविषयी मतमतांतरे आहेत, आणि त्यात शिरण्याचे आम्हाला प्रयोजन नाही. मला त्यातून एवढेच घ्यावयाचे होते की सैन्यासारख्या कणखर संस्थेनेही दिवस मावळताना ईश्वराच्या सोबतीची याचना करणारी धून इतकी वर्षे जपली. त्या वेळी आवेशाचे संगीत पुरे पडत नाही, हे बंदूक हाती घेणाऱ्यांनाच सर्वांत आधी कळलेले असावे.

शेवटी निर्णय असा झाला की संपूर्ण कार्यक्रम संतांच्या अभंगांचा राहील, आणि त्यांतही ज्यांचे ध्रुपद, म्हणजे परतून येणारी ओळ, सर्वांना म्हणता येईल असेच अभंग निवडले जातील. निरोपाचे आणि वैकुंठगमनाचे अभंग, जे गावात अंत्ययात्रेच्या वेळी म्हटले जातात, ते घ्यायचे नाहीत. त्या चाली कानावर पडताच या घरांतील माणसांसमोर तिरंग्यात गुंडाळलेली पेटी उभी राहते, आणि त्या आठवणीत त्यांना पुन्हा ढकलणे हा आपला हेतू नव्हे.

९ जून २०२४

आजचा दिवस या प्रकल्पाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला. बुवांनी गाथा उघडून तुकोबांचे ‘पाइक’ या शीर्षकाखालील अकरा अभंग आमच्यापुढे ठेवले. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. छत्रपती शिवरायांना आणि त्यांच्या मावळ्यांना उद्देशून हे अभंग रचले गेले, असे परंपरा मानते. आमच्यापैकी काहींनी ते पारायणात वाचले होते, परंतु भजनात ते क्वचितच म्हटले जातात.

हे अभंग वाचताना मला सर्वांत अधिक स्पर्शून गेले ते असे, की तुकोबा शिपायाच्या कामाचा बारीकसारीक तपशील जाणतात. चोरवाटा ओळखणे, स्वतःला राखून शत्रूला चकवणे, गोळ्या आणि बाणांचा वर्षाव सहन करणे, धन्यावर प्रसंग येताच पुढे होणे, हे सारे त्यांत येते. मात्र त्यांत कोठेही गर्जना नाही किंवा शत्रूचा द्वेष नाही. ‘पाइकीचें सुख पाइकासी ठावें । म्हणोनियां जीवें केली साटी ॥’ असे ते म्हणतात, म्हणजे त्या सेवेतील सुख शिपायालाच ठाऊक असते आणि म्हणूनच तो जिवावर उदार होतो. पुढे त्याच अभंगात पाइकांनी भोगलेल्या सुखाचे वर्णन करताना ‘शुद्ध आणि धीर अंतर्बाहीं’ असे शब्द येतात. आत आणि बाहेर सारखाच धीर असणे, हे तुकोबांच्या लेखी शिपायाचे लक्षण आहे आणि भक्ताचेही.

एका निवृत्त सुभेदारांना मी मुद्दाम बोलावले होते. ते अभंग ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, घरच्यांना वाटतं पोरगं शेवटी घाबरलं असेल, ओरडलं असेल, एकटं पडलं असेल. ते आम्हाला विचारतात आणि आम्हाला उत्तर देता येत नाही. हे मात्र त्यांना सांगता येईल.” त्यांच्या या बोलण्याने निवड पक्की झाली. आपला मुलगा जे करीत होता त्यात त्याला काही अर्थ सापडला होता, तो तेथे केवळ सापडून मेला नाही, हे आईला भाषणातून सांगितले तर पोकळ वाटेल. तेच तिने स्वतः तुकोबांच्या शब्दांत म्हटले, तर ते तिच्या आत जाऊन बसण्याची शक्यता आहे.

रचनेविषयी एक नोंद करून ठेवतो. हे मोठे अभंग आहेत, म्हणजे पहिली तीन चरणे सहा-सहा अक्षरांची आणि चौथे चार अक्षरांचे. चौथ्या चरणाची दोन अक्षरे कमी असल्यामुळे भजनी ठेक्यात तेथे श्वास घेण्यास सहज जागा मिळते. उत्साहाच्या भरात टाळकरी ती जागा टाळांनी भरून टाकतात. या कार्यक्रमात ती मोकळी ठेवावी, असे मी सुचवले आहे, कारण वयस्क माणसांना, आणि ज्यांचा गळा दाटून येतो त्यांना, तोच श्वास पुढच्या ओळीपर्यंत घेऊन जातो.

१६ जून २०२४

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक बिगुलर शेजारच्या गावात राहतात. ते सैनिकी मानवंदनेत वाजणारी ‘लास्ट पोस्ट’ ही धून वाजवण्यास तयार झाले, आणि आज त्यांच्याबरोबर पहिला सराव झाला.

बिगुलाला झडपा नसतात. वादक केवळ ओठांचा ताण बदलून स्वर काढतो, त्यामुळे त्यातून निसर्गतः उमटणारे मोजकेच स्वर वाजतात. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, पंचम, तार षड्ज, त्यावरील गांधार आणि त्यावरील पंचम. अवघ्या तीन स्वरनामांवर उभी असलेली ही धून ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणते, याचे कारण या साधेपणातच असावे. पेटीवर ताडून पाहिले असता त्यांच्या बिगुलाचा आधारस्वर काळी पाचला, म्हणजे पेटीच्या सप्तकातील पाचव्या काळ्या पट्टीला, मिळाला. मंडळ एरवी काळी चारमध्ये गाते. बिगुलानंतर लगेच काळी चारमध्ये अभंग सुरू केला, तेव्हा दोन्ही स्वर एकमेकांना दूर लोटू लागले आणि तो सांधा ऐकवेना.

बराच वेळ पेटीवर बोटे फिरवल्यावर उपाय सापडला. अभंगाचा षड्ज काळी दोनमध्ये धरला, तर बिगुलाचा आधारस्वर आपला पंचम होतो, आणि त्याचे इतर दोन स्वर शुद्ध निषाद व शुद्ध रिषभ यांच्या जागी येऊन बसतात. निषाद आणि रिषभ ही तर यमनची वाट. तेथून गांधारावर येणे आणि मग षड्जावर विसावणे हे संध्याकाळच्या वेळेला साजेसेही आहे. म्हणून बिगुलानंतरचा अभंग काळी दोनमध्ये, यमनच्या अंगाच्या चालीवर घ्यावयाचे निश्चित केले. बिगुलाचा शेवटचा नाद कानात असतानाच वीणेकऱ्याने षड्ज छेडला, तेव्हा खोलीतील सर्वांना तो सांधा न सांगता कळला. पंचमावर थांबलेले मन षड्जाकडे येऊ पाहते, हे आपण रोज गाताना अनुभवतो. तीच ओढ सैन्याच्या धुनेपासून तुकोबांच्या अभंगापर्यंत ऐकणाऱ्याला आणून सोडते.

बिगुलरदादांनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. लास्ट पोस्ट ही मुळात मरणाची धून नाही. छावणीतील चौक्यांची शेवटची पाहणी झाली, दिवस संपला, आता विश्रांती घ्यावी, असा तो रोजचा संकेत असे. मानवंदनेत तिच्यानंतर मौन पाळतात, आणि मौनानंतर पहाटेची जागवणारी धून वाजते. हे ऐकताच मंडळातील सर्वांच्या तोंडी एकच गोष्ट आली : आपली शेजारती आणि आपला काकडा. देवालाही रात्री निजवायचे आणि पहाटे उठवायचे असते. मौनानंतर काकड्यातील एक भूपाळी घ्यावी, असा माझा मानस होता. तथापि काकडा हा कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे म्हणावयाचा असतो, आषाढातल्या संध्याकाळी तो म्हणणे रीतीला धरून नाही, असे बुवांनी सांगितले, आणि ते मला मान्य आहे. जागवण्याचे काम बिगुलच करील.

२३ जून २०२४

आज प्रथमच त्या घरांतील मंडळींना सरावाला बोलावले. वीरपत्नी, वीरमाता, भाऊ, पुतणे असे सर्व आले. व्यासपीठ नको, सर्वांनी गोलात बसावे आणि ध्रुपद सर्वांनी म्हणावे, ही कल्पना त्यांना आधी विचित्र वाटली. एक काकू म्हणाल्या, “आम्ही ऐकायला येऊ हो, पण आम्हाला म्हणायला लावू नका, आमच्यानं नाही व्हायचं.” त्यांच्यावर कोणीही आग्रह केला नाही. बुवांनी संथ लयीत पहिला पाईक-अभंग धरला. ध्रुपद मध्य सप्तकाच्या पंचमापर्यंतच फिरेल अशी चाल आम्ही बांधली होती. ती चार-पाच वेळा झाल्यावर त्याच काकूंचे ओठ हलू लागले, आणि पुढे त्यांचा आवाजही ऐकू आला. तो काहीसा खाली उतरलेला, पण ठाम होता.

भजनाची जी रचना आहे तिचा खरा उपयोग मला आज कळला. गायक चरण म्हणतो आणि टाळकरी ध्रुपद उचलतात. चरण बदलत जाते, ध्रुपद तेच राहते. दुःखात असलेल्या माणसाला नवे शब्द पेलत नाहीत, पण परतून येणारी एक ओळ तो धरून ठेवू शकतो. ती ओळ म्हणण्यासाठी श्वास आत घ्यावा लागतो आणि तो एका गतीने बाहेर सोडावा लागतो. हुंदक्याने तुटलेला श्वास त्यामुळे हळूहळू सलग होतो. शेजारच्याचा आवाज त्याच ओळीवर असल्यामुळे आपला आवाज मधेच थांबला तरी ओळ थांबत नाही. ऐकण्याने मन हेलावते. धीर मात्र म्हणण्याने येतो. हे मी आज समोर घडताना पाहिले, म्हणून येथे इतक्या निश्चयाने लिहीत आहे.

स्थळाविषयीचा निर्णयही आजच बदलला. यादीतील एक शिपाई मुसलमान होते. जुन्या मराठा पलटणींमध्ये दख्खनी मुसलमानांची भरती होत असे. महार रेजिमेंटमधील जवानांची घरे आता बौद्ध आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही आपण पाहुणे आहोत असे वाटू नये, म्हणून कार्यक्रम मंदिराऐवजी जिल्हा परिषद शाळेच्या सभागृहात होईल. बौद्ध कुटुंबांनी त्यांच्या वंदनेसाठी वेळ मागून घेतला आहे. मुसलमान शिपायाचे पणतू म्हणाले, “फातिहा आम्ही घरी पढू. तुम्ही नाव तेवढं नीट घ्या, मी गोलात बसेन.” श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा एक अभंग आम्ही कार्यक्रमात घेतला आहे, आणि चोखोबांचाही. वारकरी परंपरेत ही दोन्ही नावे पूर्वीपासून आहेतच. त्यासाठी काही वेगळे जुळवावे लागले नाही.

२८ जून २०२४

मंडळातील बरेच जण माउलींच्या पालखीबरोबर चालण्यासाठी आळंदीला निघाले. आषाढी एकादशी १७ जुलैला आहे, त्यामुळे तोवर पूर्ण सराव होणार नाही. मागे राहिलेल्यांनी नावांची यादी पूर्ण करावयाची आहे.

१० जुलै २०२४

आज नाईक यशवंत घाडगे यांच्या बलिदानाला ऐंशी वर्षे झाली. ते रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. इटलीतील वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी त्यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली, बरोबरचे सर्व जण ठार किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले आणि ते त्यांनी जिंकले; त्यानंतर लगेचच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा प्राण घेतला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही, म्हणून त्यांचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीतील माँतोने येथे २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले.

ते आमच्या गावचे नव्हते, तरी शाळेच्या परिपाठात आज मी मुलांना त्यांची हकीकत सांगितली आणि ‘पाइकीचें सुख’ हा अभंग मुलांकडून म्हणवून घेतला. गोळ्या आणि बाणांची ओळ येताच एका मुलीने विचारले की तुकोबांनी लढाई पाहिली होती का. मी तिला सांगितले की त्यांनी दुष्काळ पाहिला होता, घरातील माणसांचे मरण पाहिले होते, आणि ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ असे त्यांनीच म्हटले आहे. २६ तारखेला नावे वाचण्याचे काम याच वर्गातील मुलांकडे द्यावे, असे तेव्हाच मनात आले.

२० जुलै २०२४

वारकरी परतले आणि आज पूर्ण क्रम एकदा म्हणून पाहिला. नावे केव्हा आणि कशी घ्यावीत, यावर शेवटपर्यंत चर्चा चालली. तरुणांना वाटत होते की नावांच्या पाठीमागे पेटीचा मंद सूर असावा, म्हणजे वातावरण तयार होते. मी त्याला ठाम विरोध केला. नाव हे संगीताच्या खाली दबता कामा नये. ते कोरडे, स्पष्ट आणि पूर्ण ऐकू आले पाहिजे : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, पलटण, ठिकाण आणि साल. ज्यांना बसऱ्याच्या भिंतीवर केवळ संख्या मिळाली, त्यांचे नाव तरी येथे कशाच्याही सोबतीशिवाय उच्चारले जावे. दोन नावांमध्ये एका श्वासाइतके अंतर राहील. क्रम मृत्यूच्या सालाप्रमाणे असेल, हुद्द्याप्रमाणे किंवा घराण्याप्रमाणे नाही.

सांगता पसायदानाने होईल. एका माजी सैनिकांनी आज शंका काढली की ज्या शत्रूने आपली माणसे मारली, त्याच्यासाठीही या दिवशी कल्याण मागायचे का. बुवांनी त्यांना शांतपणे सांगितले, “माउलींनी खळांचा नाश मागितला नाही, खळपणा जावा असं मागितलं. तो गेला असता तर आपली पोरं घरी असती.” त्यावर ते माजी सैनिक म्हणाले की असे असेल तर पसायदान मीच सुरू करीन.

२५ जुलै २०२४

दोन दिवसांपासून पावसाने कहर केला आहे. घाटमाथ्यावर अतिवृष्टी आहे आणि पुण्यात घरांमध्ये पाणी शिरल्याच्या बातम्या येत आहेत. दमट हवेमुळे पखवाजाची पुडी सैल पडून स्वर उतरतो. आजच काळी दोनला मिळवताना हातोडीने गठ्ठे बरेच खाली ठोकावे लागले. उद्या शेगडीजवळ ऊब देऊन पखवाज ठेवायचा आणि धुमेला, म्हणजे डाव्या पुडीला, कणीक ऐन वेळी लावायची, असे पखवाजवादकांनी ठरवले आहे. वीज जाण्याचा संभव गृहीत धरून ध्वनिक्षेपक पूर्णपणे रद्द केला. गोलात बसल्यावर त्याची गरजही नाही.

२६ जुलै २०२४

कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू झाला. पाऊस असूनही सभागृह भरले, आणि यादीतील बहुतेक सर्व घरांतून कोणी ना कोणी आले. जयघोष, रूपाचा अभंग, बौद्ध कुटुंबांची वंदना, चोखोबा आणि शेख महंमद यांचे अभंग, आणि मग पाइकांचे अभंग असा पहिला भाग झाला. कारगिलच्या लढाईत ५२७ जवान कामी आले, हे वाक्य सोडून एकही भाषण झाले नाही.

लास्ट पोस्टच्या वेळी सर्व उभे राहिले. मौनात छपरावरचा पाऊस तेवढा वाजत होता. जागवणारी धून झाल्यावर मुलांनी नावे वाचली. चकती जपणाऱ्या आजींच्या घरातील नाव सर्वांत जुने म्हणून पहिले आले, आणि आजींनी बसल्या जागी हात जोडले. एका नावाशी मुलाचा आवाज अडखळला, तेव्हा त्या घरातील भावाने ते नाव स्वतः पूर्ण उच्चारले. असे काही आम्ही ठरवले नव्हते, परंतु त्यानंतर ज्या ज्या घराचे नाव आले, त्या घरातील माणसाने मुलाच्या मागोमाग ते पुन्हा म्हटले.

त्यानंतर वीणेकऱ्याने षड्ज दिला आणि काळी दोनमध्ये अभंग सुरू झाला. तिसऱ्या आवर्तनाला बुवांनी चरण म्हणून आपला आवाज मुद्दाम खाली घेतला, आणि ध्रुपद बायकांच्या आवाजात पुढे चालू राहिले. रडू सर्वांनाच येत होते. तरीही लय कोठे सुटली नाही. पसायदान ठरल्याप्रमाणे त्या माजी सैनिकांनी सुरू केले.

निघताना सरावात ‘आमच्यानं नाही व्हायचं’ म्हणालेल्या काकू मला भेटल्या. “गुरुजी, पंचवीस वर्षांत त्याचं नाव कुणी घेतलं की मी उठून आत जायची. आज नाही गेले,” एवढेच त्या म्हणाल्या.

४ ऑगस्ट २०२४

आढाव्याच्या बैठकीत पुढील निर्णय झाले. पाईक-अभंगांच्या बांधलेल्या चाली स्वरलिपीत लिहून शाळेत ठेवायच्या आणि पुढील वर्षापासून उरलेले अभंगही बसवायचे. नावांची यादी पडताळणीसाठी खुली राहील. कार्यक्रमानंतर दोन घरांनी जुनी कागदपत्रे आणून दिली असून त्यांतील एक नाव मेसोपोटेमियाच्या मोहिमेतील असावे असे दिसते. ते कमिशनच्या नोंदींशी ताडून पाहण्याचे काम मी घेतले आहे. बिगुलरदादा शाळेतील दोन मुलांना दर रविवारी बिगुल शिकवणार आहेत.

घरांतील बायकांनी स्वतःहून एक मागणी केली आहे. दर एकादशीला त्यांना ध्रुपदासाठी मंडळाबरोबर बसायचे आहे, आणि त्यासाठी मंडळाची नेहमीची काळी चार सोडून त्या दिवशी काळी दोन धरावी, असे त्यांचे म्हणणे आहे. बुवांनी होकार दिला. पहिली बैठक येत्या एकादशीला शाळेतच होईल.